लांबी, रुंदी आणि माय

गाडी घ्यायची ठरल्यावर माणसानं सगळ्यात आधी काय घ्यावं, या प्रश्नाचं उत्तर मला आता येतं. गाडी घ्यावी. एवढं उत्तर काढायला मला अकरा वर्षं लागली, आणि मी गणिताचा मास्तर आहे. भालकीच्या हायस्कुलात पंचवीस वर्षं मी पोरांना लांबी, रुंदी आणि उंची शिकवतोय. यातलं एक माप विसरलं की घनफळ चुकतं, हे वाक्य मी वर्षातून निदान साठ वेळा म्हणत असेन. हल्ली म्हणताना फळ्याकडे तोंड करून म्हणतो.

सुरुवात झाली २०१४ साली, बिदरमध्ये. मायला डोळे दाखवायला नेलं होतं. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिला ऊन सोसेना, बसला वेळ होता, म्हणून समोरच्या गाड्यांच्या शोरूममध्ये जरा गारव्याला बसू म्हटलं. आत मधोमध ती उभी होती. कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण कंपनीचं काहीच चुकलेलं नाही. तिनं आपलं दर पाच वर्षांनी गाडी वाढवायचं काम इमानानं केलं. मधल्या आकाराची, घरच्या माणसांसाठीची एसयूव्ही, पहिलं जनरेशन. माय सरळ तिच्यापाशी गेली. दार उघडंच होतं. तिनं लुगड्याचा काठ उचलला, पाय आत टाकला आणि बसली. कुणाचा हात धरला नाही. आमच्या ओट्यावर बसते तशीच एक पाय मुडपून बसली आणि समोरच्या काचेतून बिदरची रहदारी बघू लागली. सेल्समनला वाटलं गिऱ्हाईक आलं. त्यानं पाणी आणलं.

"बरी हाय," माय म्हणाली. "रतना, ह्याच्यात बसून म्या एकडाव वेशीतून जाणार."

म्हणजे काय, ते सांगायला हवं. मायचं माहेर राजेश्वरच्या पुढं, मोठा रस्ता सोडून आत आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं आता चांगली आहेत आणि आमचं जाणंयेणं आहे. गावाला दगडी वेस आहे. आमच्या लोकांनी त्या वेशीतून वाहनात बसून जायचं नाही, असा तिथला जुना रिवाज होता. चालत जायचं, नाहीतर गावामागच्या वाटेनं. माय लहानपणी बहुतेक त्या मागच्या वाटेनंच जायची. मायचं लग्न झालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. छकड्यात बसवलेल्या नवरीला वेशीपाशी खाली उतरवलं. ती हळदीच्या अंगानं चालत बाहेर आली आणि पलीकडे पुन्हा छकड्यात चढली. रिवाज केव्हाच मोडला, पण फाट्यावरून गावात बसच जात नाही, त्यामुळे माय पुढंही जन्मभर त्या वेशीतून चालतच आली-गेली. हे तिनं आम्हाला रडून कधी सांगितलं नाही. "बसून जायचं ऱ्हायलंय," एवढंच म्हणायची, जसं एखाद्यानं पोस्टात जायचं राहिलंय म्हणावं.

तर मी त्याच दिवशी गाडी बुक करायला हवी होती. पण मी शिकलेला माणूस. मी आधी गल्लीत विचारलं.

आमच्या गल्लीत विचारणं म्हणजे गुरुशांतप्पांना विचारणं. हे आमचे शेजारी. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झालेले. त्यांच्याकडे सायकल आहे. गाड्यांविषयी मात्र त्यांना सगळं माहीत असतं, न निघालेल्या गाड्यांविषयी तर जास्तच. आयुष्यभर उसाचे ट्रक मोजल्यामुळे असेल, कुठलंही वाहन दिसलं की ते डोळे बारीक करून त्याचं वजन सांगतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी घ्यायलाव, लई चांगलं. पण सर, ठेवणार कुठं?"

मी म्हटलं, दारात.

"दारात? आन म्हशी शिंगं घासल्या म्हणजे? आधी जागा करा. गाडी काय, पळून जायलीय का?"

मला हे पटलं. माझ्या आयुष्यातली सगळी संकटं मला पटलेल्या गोष्टींतून आली आहेत. आमची साइट, म्हणजे घराची जागा, तीस बाय चाळीसची. घरापुढे एका अंगाला मोकळी जागा, दुसऱ्या अंगाला ओटा. हा ओटा माझ्या वडिलांनी, बाबूलाल यांनी, घर बांधताना स्वतःच्या हातानं शहाबादी फरशी बसवून केला होता. दीड फूट उंच, नऊ फूट लांब. माय सकाळी सातला त्यावर येऊन बसते ती दुपारी जेवायला उठते. मोकळ्या जागेत मी शोरूममधून आणलेल्या पुस्तिकेवरून माप घेऊन पत्र्याचं शेड मारायला काढलं. पुढं-मागं बरोबर सहा-सहा इंच आणि दोन्ही अंगांना दार उघडण्यापुरती जागा सोडली. ती पुस्तिका मी माझ्या डिग्रीच्या सर्टिफिकेटांच्या फायलीत ठेवली होती, यावरून माझी तेव्हाची मनःस्थिती कळावी.

शेड झालं. मग लक्षात आलं की रस्ता आणि शेड यांच्यामध्ये सरकारी नाली आहे. नालीवर स्लॅब टाकायला परवानगी लागते. ज्या कचेरीत ती मिळते तिचंही नाव सांगत नाही, कारण उद्या मला पुन्हा तिथंच जायचं आहे. अर्ज कन्नडमध्ये होता, तो मी भरला. त्यात 'वाहनाचा नमुना' असा रकाना होता. मी गाडीचं नाव लिहून मागे पुस्तिकेची झेरॉक्स जोडली. चौदा महिने मी दर दुसऱ्या शनिवारी जात होतो आणि तिथं गेल्यावर मला कळत होतं की दुसऱ्या शनिवारी कचेरी बंद असते. अखेर इंजिनियर साहेब स्वतः तपासणीला आले. त्यांचं नाव अरुणकुमार. माणूस सज्जन, हातात टेप.

"गाडी कुठं आहे, सर?" त्यांनी विचारलं.

"स्लॅब झाला की घेणार."

"गाडी नसताना स्लॅब कशाला पाहिजे?"

"स्लॅब नसताना गाडी आत कशी येणार?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ सहानुभूतीनं पाहिलं आणि फायलीवर शेरा मारला, 'वाहन जागेवर आढळले नाही.' त्या एका ओळीनं माझी साडेतीन वर्षं खाल्ली. दरम्यान शेड रिकामं पाहून गल्लीला कढ आला. गुरुशांतप्पांनी तुरीची पोती आणून ठेवली, फक्त भाव येईपर्यंत. कुणाच्या लग्नाची भांडी आली. एका पावसाळ्यात तर एक म्हैस व्याली. माझी बायको पंचशीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, "निदान कुणाची तरी डिलिव्हरी झाली ह्या शेडात. तुमचं काय?"

२०१९ साली परवानगी आली. मी पेढे घेऊन घरी निघालो तर गुरुशांतप्पा फाटकातच उभे. मोबाइल पुढं केला. "सर, तुमची गाडी गेली. दुसरं जनरेशन निघालं. बगा."

पाहिलं. सुंदर होती. पहिलीपेक्षा नऊ इंच लांब होती.

मी म्हटलं, मी जुनीच घेतो, कुठं शिल्लक असेल तर. गुरुशांतप्पांनी अशी मान हलवली की जणू मी शिळं अन्न खायचं म्हणत होतो. "जुनी घेऊन काय करायलाव? उद्या तिचा आरसासुद्धा मिळणार न्हाई." मग मी गवंडी जगदेवप्पाला बोलावलं. शेडच्या मागे आमची न्हाणी होती. मी विचारलं, ही भिंत नऊ इंच मागं सरकवता येईल का?

"सरकत न्हाई, सर. पाडाया लागती," जगदेवप्पा म्हणाला. त्यानं पाडली आणि नऊ इंच मागं नवी बांधली. तेव्हापासून आमच्या घरात माणूस आत जाऊन एका कुशीची अंघोळ करतो, बाहेर येऊन वळतो आणि पुन्हा आत जाऊन दुसऱ्या कुशीची करतो. पाहुणे आता रात्रीचे राहत नाहीत. न्हाणी पुरी होते तोवर साथ आली, सगळं बंद पडलं. ते उघडलं तेव्हा गाडीला वेटिंग होतं. वेटिंग संपत आलं तेव्हा गुरुशांतप्पांना बातमी लागली होती की तिसरं येतंय.

माय रोज ओट्यावरून विचारायची, "आली का रं?"

"येईल, माय. नवी निघतीय."

"जुनीला काय झालं?"

या प्रश्नाला मी अकरा वर्षांत उत्तर दिलेलं नाही. माझ्या लक्षात आलं नाही, पण तिच्या विचारण्यातही फरक पडत होता. आधी ती उभी राहून विचारायची, मग बसून विचारू लागली, मग भिंतीला टेकून. गुडघे गेले होते. पंचशीलानं दोनदा सांगितलं, "आईंना तेवढं गावाकडं नेऊन आणा, कुठल्याबी गाडीत न्या." मी म्हणालो, आपल्या गाडीतून नेणार, तिला शब्द दिलाय. शब्द पाळण्याची मला भलती हौस आहे. ती नसती तर माय केव्हाच जाऊन आली असती.

तिसरं जनरेशन निघालं आणि माझी मुलगी रूपालीसुद्धा गुरुशांतप्पांच्या पक्षाला मिळाली. ती कलबुर्गीला इंजिनियरिंग करते. पहिल्या गाडीच्या वेळी ती पाचवीत होती. "पप्पा, आता घ्यायची तर हीच. छत उघडतं. आपोआप ब्रेक लागतो. सहा एअरबॅग." मी पुस्तिका मागवली आणि पहिल्यांदा रुंदी पाहिली. पहिलीपेक्षा चार इंच जास्त. चाकंही मोठी. आता शेडला एका बाजूनं वाढायला हवं होतं. एका बाजूला गुरुशांतप्पांची भिंत. ते म्हणाले, भिंतीचं काय ते कोर्टात बघू. दुसऱ्या बाजूला ओटा.

हे मायला सांगायचं धाडस मला तीन दिवस झालं नाही. चौथ्या दिवशी तिनंच टेप पाहिला. मी ओट्याचं माप घेत होतो आणि ती ओट्यावरच बसली होती.

"तोडायलास का?"

"माय, गाडी मावंना."

तिनं फरशीवर हात फिरवला. तिथं वडिलांच्या पाठीनं गुळगुळीत झालेला एक भाग होता. "तोड," ती म्हणाली. "गाडीत बसायला मिळायलंय तर ओटा कशाला? मला खुर्ची दे."

जगदेवप्पानं एका दिवसात ओटा काढला. फरश्या काढताना त्यानं दोनदा विचारलं, "खरंच काढू का, सर?" मी हो म्हटलं. मायला मी लाल प्लास्टिकची खुर्ची दिली. त्या खुर्चीतून तिला स्वतःहून उठता येत नव्हतं, हे मला आठवड्यानं कळलं. ती कुणाला हाक मारत नव्हती, नुसती कुणी येईस्तोवर बसून राहायची. हे कळलं त्या दिवशी मला शाळेत त्रिकोणाचं क्षेत्रफळ आठवेना.

गाडी एप्रिलमध्ये आली. पांढरी. आम्ही वंदना घेतली, गल्लीत पेढे वाटले. गुरुशांतप्पा चार लिंबं घेऊन आले, चाकाखाली ठेवायला. मी त्यांना समजावलं की अप्पा, आम्ही बौद्ध माणसं, आमच्यात हे चालत नाही. ते म्हणाले, "तुम्ही बौद्ध, सर. गाडी कुठं बौद्ध हाय?" पंचशीलानं लिंबं उचलून आत नेली आणि सगळ्यांना सरबत दिलं. गाडी शेडमध्ये गेली. पुढं सहा इंच, मागं सहा, दोन्ही अंगांना दार उघडण्यापुरती जागा. माझं गणित बिनचूक निघालं. मी तिथं उभा राहून ते बघत राहिलो. तो माझ्या आयुष्यातला शेवटचा आनंदाचा क्षण असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मायच्या माहेरी नवं विहार बांधलं होतं. वैशाखी पौर्णिमेला त्याचं उद्घाटन. ठरलं की पौर्णिमेला सकाळी निघायचं, वेशीतून आत जायचं. आदल्या रविवारी म्हटलं, मायला एकदा बसवून गल्लीतून चक्कर मारू. माय नवं पांढरं लुगडं नेसून आली, काठी टेकत. मी दार उघडलं. तिनं काठ उचलला, पाय उचलला. पाय एका वितीवर गेला आणि थांबला. गाडी होती दीड फूट.

तिनं पाय खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा तिथंच थांबला.

"उंच केली का रं हिला?" तिनं विचारलं.

मी घाईनं आत जाऊन तिन्ही पुस्तिका काढल्या. पहिल्या गाडीपेक्षा ही बसायला पाऊण वीत उंच होती. छापलं होतं, पहिल्या पानावर होतं, मोठ्या अक्षरात होतं, आणि कौतुकानं लिहिलं होतं. लांबी मी मोजली होती, रुंदी मोजली होती. उंची मोजायची राहिली. गाडीचीही आणि मायच्या पायाचीही. गाडी अकरा वर्षं वर जात होती आणि पाय अकरा वर्षं खाली येत होता, आणि गणिताचा मास्तर मधे टेप घेऊन न्हाणी मोजत होता.

मग सल्ल्यांचा पूर आला. प्लास्टिकचं स्टूल आणलं. ते मायनं पाय ठेवायच्या आधीच गुरुशांतप्पांनी बसून मोडलं, मजबूत आहे का बघायला म्हणून. शाळेतला बाक आणला. तो ठेवला की गाडीचं दार उघडेना. रूपाली म्हणाली, पायदान बसवून मिळतं बाजूला. बसवून घेतलं. त्यानं गाडी दोन्ही अंगांनी चार-चार बोटं वाढली आणि फाटकातून आत शिरेना, म्हणून दुसऱ्या दिवशी काढून आणलं. ड्रायव्हरचं सीट बटणानं वर-खाली होत होतं, मायचं होत नव्हतं. मी कंपनीच्या नंबरवर फोन केला. तिकडच्या बाईनं इंग्रजीतून विचारलं की सीनियर सिटिझनला गाडीचे कोणते फीचर्स जास्त आवडले. मी फोन ठेवला.

शेवटी मी म्हटलं, "माय, मी तुला उचलून बसवतो."

"म्या काय तुरीचं पोतं हाय?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "उतरवलं हुतं तवाबी असंच धरून उतरवलं हुतं. हात लावू नको."

तेव्हा जगदेवप्पा तिथं राहिलेल्या फरश्या न्यायला आला होता. तो गाडीकडं बघत होता, मग जमिनीकडं, मग पुन्हा गाडीकडं. "सर," तो हळूच म्हणाला, "ओटा दीड फुटाचा हुता न्हव? ओट्यावरून अक्का डायरेक आत बसल्या असत्या. लेव्हल एकच हाय."

मी टेप लावला. लेव्हल एकच होती. वडिलांनी बांधलेला ओटा या गाडीत चढायला तंतोतंत मापाचा होता, आणि तो मी ही गाडी आत यावी म्हणून तोडला होता. पंचशीला बरंच काही बोलू शकली असती. ती आत जाऊन भाजी निवडू लागली. बोलली असती तर बरं झालं असतं. मी गाडीत जाऊन बसलो. काचा वर केल्या. रडलो असेन. गाडीनं दोनदा सीटबेल्ट लावायला सांगितलं.

पौर्णिमा उजाडली. माय आठ वाजताच तयार होऊन खुर्चीत बसली होती. "कशानं जायचं?" असं तिनं विचारलं नाही. समोरून तानाजीचा ऑटो आला. हा आमच्या गल्लीतला ऑटोवाला, मार्केटात भाजी पोचवतो. मायनं काठी वर केली, ऑटो थांबला. मायनं मला हात केला, माझं मनगट धरून खुर्चीतून उठली, काठी टेकत ऑटोपाशी गेली, काठ उचलला आणि पाय आत टाकला. वीतभर तर उंच. बसली.

"चल तान्या," ती म्हणाली.

"कुठं, अक्का?"

"माहेरी."

चाळीसेक किलोमीटर. तानाजी माझ्याकडं बघायला लागला. मी मायला म्हटलं, हे बरोबर दिसत नाही, दारात नवी गाडी असताना. "तू आण की गाडी मागून," माय म्हणाली. "माझी पिशवी घे तीत." म्हणून आम्ही निघालो. पुढं तानाजीचा ऑटो, त्यात माय. मागं तीस किलोमीटरच्या वेगानं माझी तिसऱ्या जनरेशनची गाडी, तीत मी, पंचशीला, रूपाली आणि मागच्या सीटवर मधोमध मायची पिशवी. पिशवीला पट्टा लावला होता, नाहीतर गाडी बोंबलत होती. ऑटो थोडा हळू झाला की आपोआप लागणारा ब्रेक लागायचा आणि आम्ही तिघं पुढं जाऊन मागं यायचो. उसाचे ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेले. हुमनाबादच्या अलीकडे माझ्या शाळेतली दोन पोरं मोटारसायकलवर भेटली. त्यांनी "नमस्ते सर" म्हटलं, ऑटोकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं आणि पुढं जाऊन हसण्यासाठी वेग वाढवला. रूपालीनं गंमत म्हणून छत उघडलं. चाळीस अंशांचं ऊन सरळ माझ्या टकलावर आलं. ते बंद करायचं बटण तिला सापडेना.

साडेदहाला वेस दिसली. दगड काळेभोर, वर पिंपळाचं रोप उगवलेलं. बाजूच्या पारावर चार म्हातारे. मी गाडी सावकाश पुढं घेतली आणि मला दिसलं की वेशीच्या तोंडाला दोन लोखंडी खांब रोवलेले आहेत.

पारावरचे राघोबा उठून आले. गावचे जुने शेतकरी, मायच्याच वयाचे. "सर, नवी गाडी? वा. पण इकडून न्हाई जायची. गेल्या सालापासून खांब लावलेत. उसाच्या ट्रॉल्या घासून दगड पडायलते. ऑटो, छकडा जातंय. मोठ्या गाड्या मागल्या वाटंनं. तिकडं आता डांबरी झालाय, चांगला रस्ता हाय."

ते अगदी मनापासून सांगत होते. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मला माहीत आहे.

मी उतरलो. टेप खिशात होताच. दोन खांबांमध्ये सहा फूट. माझी गाडी, आरसे मिटून, सहा फूट दोन इंच. पहिल्या जनरेशनची रुंदी मला तोंडपाठ होती. ती आरसे मिटून पाच फूट दहा होती. ती गेली असती. दोन्ही अंगांना एकेक इंच सोडून, मायला घेऊन, अकरा वर्षांपूर्वीच गेली असती, आणि तेव्हा तर खांबही नव्हते. मी टेप तसाच धरून उभा राहिलो. गुंडाळायचं सुचेना.

ऑटो खांबांमधून सहज आत गेला. वेशीच्या बरोबर मधोमध, दगडी छताखाली पोचल्यावर मायनं तानाजीच्या खांद्यावर काठी टेकवली. ऑटो थांबला.

"काय झालं, अक्का?"

"काई न्हाई. जरा बसू दे."

ती बसली. एक पाय मुडपून, ओट्यावर बसायची तशी. दोन्ही बाजूंच्या दगडांकडं बघत होती. पारावरचे म्हातारे बघत होते, मागं एक दुधाची मोटारसायकल येऊन थांबली होती. कुणी हॉर्न दिला नाही.

"पप्पा, आपण मागच्या रस्त्यानं येतो ना?" रूपालीनं गाडीतून विचारलं.

वेशीतून मायचा आवाज आला. "मागल्या वाटंनं कुणीबी येऊ नका. त्या वाटंनं म्या लई गेलेय."

मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली. छत उघडंच होतं. मायची पिशवी काखेत मारली, पंचशीला आणि रूपालीला घेतलं आणि वेशीकडं चालू लागलो. ऑटोपाशी पोचलो तेव्हा तानाजी सरकून मला जागा करू लागला. मायनं त्याला हातानंच थांबवलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्यो येईल चालत. लांब न्हाई. म्या पंधरा वर्साची असून चालले हुते."

ऑटो निघाला. आम्ही तिघं त्याच्या मागून वेशीतून चालत गावात गेलो, आणि मागं रस्त्यावर माझी गाडी, दार नीट लागलं नाही म्हणून, सारखी हाक मारत राहिली.